आधी एक शाखा पक्की करा

मुलाला इन्फोसिसचं नाहीतर टीसीएसचं नेमणूकपत्र येतं. पदाच्या जागी छापलेलं असतं ‘सिस्टिम्स इंजिनिअर’. घरात पेढे वाटले जातात आणि धाकट्याने बारावीनंतर काय करायचं तेही त्याच बैठकीत ठरून जातं: यालाही सिस्टिम्स इंजिनिअरिंगलाच घालू. जरा थांबा. त्या पत्रावरचं पद आणि विद्यापीठात शिकवला जाणारा विषय यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. मोठ्या आयटी कंपन्यांत ती उतरंडीतली खालची एक पायरी आहे. त्या पायरीवर सिव्हिलवाला, केमिकलवाला, इलेक्ट्रॉनिक्सवाली असे सगळे एका रांगेत बसून जावा शिकतात. नोकरी चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिच्यासाठी सिस्टिम्सची पदवी लागत नाही, आणि ती नोकरी केली म्हणून सिस्टिम्स इंजिनिअरिंग येतं असंही नाही.

हे कोलकात्यात बसून लिहितोय, कारण हा प्रश्न इथे वरचेवर कानावर येतो. गीतांजली किंवा आझाद हिंद एक्सप्रेसने मुलांना प्रवेशासाठी घेऊन आलेले आईवडील हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात भेटतात. कुणाला खरगपूरला जायचं असतं, कुणाला बरानगरला, कुणाला जोक्याला. चहा होतो, गाव-तालुका विचारून होतो आणि मग वडील घसा खाकरून विचारतात, ‘‘याला पुढे स्कोप काय हो?’’ स्कोप आहे. फक्त तो सगळ्यांना नाही, आणि कुठल्याही कॉलेजातून नाही.

ज्याने स्वतःचं घर बांधलंय त्याला हा विषय चटकन कळतो. गवंडी चांगला, टाइल्सवाला चांगला, प्लंबर चांगला, इलेक्ट्रिशियन तर गावात नावाजलेला. तरी न्हाणीघराच्या टाइल्स बसल्या की प्लंबर येतो आणि त्या फोडतो, कारण गिझरचा पाइप कुठून येणार हे कुणी कुणाला विचारलेलंच नसतं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलेलं असतं. नुकसान होतं ते दोघांच्या मधल्या जागेत. घराऐवजी मेट्रो घ्या, युद्धनौका घ्या, उपग्रह घ्या. तिथे फुटलेली टाइल बदलून भागत नाही. त्या मधल्या जागेची जबाबदारी घेणारा विषय म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत बेलच्या टेलिफोन प्रयोगशाळांत त्याला आकार आला, आणि पुढे क्षेपणास्त्रं, अवकाशयानं यांनी त्याला वाढवलं.

मुलाला घेऊन हावड्याला उतरलात तर एक गोष्ट त्याला मुद्दाम दाखवा. तिथूनच खाली ईस्ट-वेस्ट मेट्रोचं स्थानक आहे. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे आणि तिच्यात दारं आहेत. गाडी येते, तिची दारं नेमकी काचेच्या दारांसमोर थांबतात, दोन्ही एकदम उघडतात, माणसं चढतात-उतरतात, दोन्ही एकदम मिटतात. पुढे गाडी हुगळीच्या पात्राखालून जाते. नदीखालचा टप्पा अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त, पाऊण मिनिटात संपतो, आणि बोगद्यातले निळे दिवे बघायला सगळे खिडकीकडे वळतात. दारांकडे कुणी बघत नाही. मुलाला म्हणावं, तू दारांकडे बघ.

डबे एका कंपनीचे. सिग्नल यंत्रणा दुसरीची. काचेची दारं तिसरीची. फलाट सिव्हिलच्या ठेकेदाराने डबे येण्याच्या कितीतरी आधी ओतून ठेवलेला. आता गाडी वीतभर पुढे जाऊन थांबली तर चूक कुणाची? ब्रेकवाला म्हणणार, मला हुकूम उशिरा आला. सिग्नलवाला म्हणणार, हुकूम वेळेवर होता, चाक घसरलं. गाडीचं दार मिटलं आणि काचेचं अडकून राहिलं तर गाडी सोडायची की नाही? दोन्ही दारांच्या मधे माणूस राहिला तर ते कुणाला आणि कसं कळणार? असे शेकडो प्रश्न रूळ पडण्याआधी लिहून काढावे लागतात. प्रत्येकाचं उत्तर एका वाक्यात, प्रत्येक वाक्याला नंबर, आणि त्या नंबरासमोर ते कोण, केव्हा, कुठल्या चाचणीने तपासणार याची नोंद. एखादा नंबर चाचणीविना राहिला तर तो शोधून काढायचा. सिस्टिम्स इंजिनिअरच्या दिवसाचा मोठा भाग यात जातो. चित्रपटातल्या शास्त्रज्ञासारखं यात काही दिसत नाही, हे मुलाला आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

याच मार्गाने दुसरा धडाही दिलाय. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहुबाजारात बोगदा खणणारं यंत्र जमिनीतल्या पाण्याच्या थरात घुसलं. पाण्याबरोबर माती वाहिली, वरची जुनी घरं खचली आणि माणसांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा घरांना तडे गेले. परिणाम असा की मार्गाची दोन्ही टोकं तयार झाली तरी मधला तुकडा रखडला. नदीखालचा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, पण सियालदह ते एस्प्लनेड जोडायला २२ ऑगस्ट २०२५ उजाडला. तोवर हावड्याच्या बाजूच्या गाड्या एका टोकाला आणि कारशेड तुटलेल्या भागाच्या पलीकडे सॉल्ट लेकमध्ये. भूगर्भाचा प्रश्न होता, त्याने गाड्यांच्या देखभालीचं वेळापत्रक बदलायला लावलं. अशी साखळी आधी दिसावी म्हणून हा विषय शिकायचा.

मेट्रोपेक्षाही मोठी शाळा मात्र दामोदर नदीत आहे, आणि तिच्याशी मराठी माणसाचं असलेलं नातं आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

जुलै १९४३ मध्ये वर्धमानजवळ दामोदरचा बांध फुटला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड दोन्ही तुटले, आणि महायुद्ध ऐन भरात असताना कोलकात्याचा बाकी देशाशी असलेला जमिनीवरचा संबंध कित्येक आठवडे विस्कळीत झाला. वर्धमानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मेघनाद साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्याचा विकास एका महामंडळाकडे दिला होता, त्याच धर्तीवर इथेही करावं असं ठरू लागलं. टेनेसीवरचे अभियंते व्हूरदुइन यांनी १९४४ मध्ये आराखडा दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्यात येत होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकात्याच्या बंगाल सचिवालयात त्यांनी बंगाल आणि बिहार सरकारांच्या प्रतिनिधींना समोर बसवून दामोदरची परिषद घेतली.

त्या खोलीतली अडचण समजून घ्या. पूर येत होता बंगालात. धरणं होणार होती वर, तेव्हाच्या बिहारमध्ये. म्हणजे बुडणारी जमीन मुख्यतः बिहारची. पैसे केंद्राचे आणि दोन्ही प्रांतांचे. बाबासाहेबांनी धरलेली बाजू अशी होती की नुसता पूर अडवण्यासाठी धरण बांधायचं नाही. पूर, शेतीचं पाणी, वीज आणि नौकानयन हे हेतू एकत्र धरायचे, सगळ्या खोऱ्याचा एकदम विचार करायचा आणि कारभार एका संस्थेच्या हाती द्यायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा परिषद झाली, आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन, म्हणजे डीव्हीसी, अस्तित्वात आलं. ती भाषणं महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी ग्रंथमालेत दहाव्या खंडात आहेत. सिस्टिम्सचं जाडजूड पाठ्यपुस्तक उघडण्याआधी ती वाचावीत. वेगवेगळी गरज असलेल्या माणसांना एका मेजाभोवती बसवून एकच मागणीपत्र कसं तयार करायचं, याचं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात क्वचितच सापडेल.

पुढे काय झालं तेही तितकंच शिकण्यासारखं आहे. मूळ आराखड्यात जास्त धरणं होती; महामंडळाने बांधली चार. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. मैथन आणि पंचेतसाठी ठरलेल्या उंचीपर्यंत सगळी जमीन संपादन झाली नाही, त्यामुळे पुराचं पाणी साठवायला जितकी जागा धरली होती तितकी मिळाली नाही. धरणांत गाळ साठत गेला. खाली दामोदरचं पात्रही आकसत गेलं. शिवाय मूळचा पेच कायम: पूर अडवायचा तर पावसाळ्याच्या तोंडावर धरण रिकामं हवं, रब्बीला पाणी आणि वीज द्यायची तर पावसाळा संपताना भरलेलं हवं. भिंत एक, पाणी एक, मागण्या उलट्या. भाद्रपदात मोठा पाऊस झाला की मैथन-पंचेतमधून पाणी सुटतं, दुर्गापूरच्या बंधाऱ्यावरून खाली येतं आणि हुगळी-हावडा जिल्ह्यांत खानाकुल, आमता, उदयनारायणपूरची गावं पाण्यात जातात. मग राज्य सरकार आणि डीव्हीसी यांच्यात जुंपते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते इतकं ताणलं की पश्चिम बंगालने पाणी सोडण्याचं ठरवणाऱ्या समितीतून आपला प्रतिनिधी काढून घेतला. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला हे काही नवं नाही. कर्नाटकातलं अलमट्टी धरण म्हटलं की पुरे. दोष कुणाचा याचा निवाडा मी इथे करत बसणार नाही.

विद्यार्थ्याने यातून एवढं घ्यावं. मैथनची भिंत आराखड्याप्रमाणे बांधली का? बांधली, आणि ती आजही उभी आहे. आमत्याच्या शेतकऱ्याला जे हवं होतं ते मिळालं का? हा निराळा प्रश्न आहे. पहिल्या तपासणीला व्हेरिफिकेशन म्हणतात, दुसरीला व्हॅलिडेशन. मुलाखतीत या दोहोंतला फरक हमखास विचारतात आणि मुलं पाठ केलेली व्याख्या घडाघडा म्हणतात. दामोदरवर दोन मिनिटं बोललात तर समोरचा माणूस हातातलं पेन खाली ठेवून ऐकेल.

आता सल्ला. बारावीनंतर थेट सिस्टिम्सच्या मागे लागू नका. आधी एक शाखा पक्की करा. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सिव्हिल, जी झेपेल आणि आवडेल ती. ब्रेकवाला आणि सिग्नलवाला भांडत असताना मधे बोलणाऱ्याला निदान एका बाजूचं काम हाताने केलेलं असावं लागतं. नाहीतर त्याला दोघंही विचारत नाहीत. चार वर्षं एका शाखेत, जमलं तर दोन-तीन वर्षं नोकरीत, आणि मग एमटेक, हा क्रम मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. अलीकडे खासगी कॉलेजांनी बीटेकच्या नावापुढे ‘सिस्टिम्स’ लावायला सुरुवात केली आहे. नाव लावायला खर्च येत नाही. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर जाऊ नका. विभागाच्या वेबसाइटवर जाऊन चार वर्षांचा अभ्यासक्रम उघडा आणि बघा: संभाव्यता आणि संख्याशास्त्र किती सत्रं आहे? कंट्रोल आहे का? ऑपरेशन्स रिसर्च आहे का? रिलायबिलिटी, म्हणजे यंत्र किती काळ न बिघडता चालेल याचा हिशेब, कुठे शिकवतात? शेवटच्या वर्षीचा प्रकल्प खऱ्या कारखान्यातला असतो की इंटरनेटवरून उतरवलेला? हे सगळं विरळ असेल आणि तीन-चार प्रोग्रामिंग भाषांनी पानं भरली असतील, तर तो कॉम्प्युटरचाच कोर्स आहे. घ्यायचा तर कॉम्प्युटर म्हणून घ्या.

या नियमाला एक अपवाद इथे जवळच आहे. खरगपूरच्या आयआयटीत इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा बीटेक आहे, जेईई ॲडव्हान्स्डमधून. ही देशातली पहिली आयआयटी, १९५१ ची, हिजलीच्या तुरुंगाच्या इमारतीत सुरू झालेली. विभाग जुना आणि दमदार आहे. पण आत काय शिकवतात ते नीट कळून घ्या: ऑपरेशन्स रिसर्च, संख्याशास्त्र, उत्पादनाचं नियोजन, पुरवठा साखळी, माणूस आणि यंत्र यांचा मेळ. तिथून बाहेर पडणारी बरीच मुलं ॲनालिटिक्स आणि कन्सल्टिंगकडे वळतात. गणितात रमणाऱ्या मुलाला हे छानच आहे. रॉकेट जोडायचंय म्हणून तिथे गेलेला मुलगा मात्र दुसऱ्या सत्रात हिरमुसतो.

एमटेकला दारं जास्त आहेत. ‘गेट’ साधारण फेब्रुवारीत होते, तिचे गुण तीन वर्षं चालतात, आणि गेटमधून सरकारी संस्थेत एमटेकला गेलं की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. खरगपूरलाच इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्सचा एमटेक आहे, इलेक्ट्रिकल विभागात कंट्रोल आहे, आणि रिलायबिलिटीचा वेगळा अभ्यास आहे. जादवपूर विद्यापीठात इलेक्ट्रिकलच्या पदव्युत्तर शिक्षणात कंट्रोल शिकता येतं. पदवीला मात्र जादवपूरचा रस्ता पश्चिम बंगालच्या जॉइंट एन्ट्रन्समधून जातो आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांना जागा थोड्या. त्या आशेवर वर्ष घालवू नका.

बरानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटकडे मराठी पालकांचं लक्ष जातच नाही. आयएसआय म्हटलं की आपल्याला इस्त्रीवरचा शिक्का आठवतो. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिथे क्वालिटी, रिलायबिलिटी आणि ऑपरेशन्स रिसर्च असा एमटेक आहे. आयएसआयच्या अशा नेहमीच्या अभ्यासक्रमांना शिकवणीची फी नसते, उलट विद्यावेतन मिळतं. चाकणच्या कुठल्याही वाहन कारखान्यात क्वालिटीवाल्याच्या तोंडी टागुचीचं नाव असतं. तो जपानी टागुची १९५४-५५ मध्ये याच संस्थेत पाहुणा म्हणून राहिला होता, आणि ज्या ऑर्थोगोनल ॲरेवर त्याची रीत उभी आहे तिची गणिती बैठक सी. आर. राव यांनी इथेच घातली होती. आपण जे जपानचं म्हणून पुण्यात शिकतो त्याचा एक धागा बरानगरातून गेलेला आहे.

जोक्याचं आयआयएम १९६१ चं. ते, खरगपूर आणि आयएसआय मिळून २०१५ पासून बिझनेस ॲनालिटिक्सचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालवतात. तिन्ही ठिकाणी राहून शिकायला मिळतं. पण तो महागडा आहे, आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा चुलतभाऊ आहे, सख्खा नाही.

पवई सोडून इतक्या लांब यायचं का, असं विचाराल तर माझं उत्तर: पवईला सिस्टिम्स अँड कंट्रोल मिळत असेल तर येऊ नका. आयआयटी मुंबईचा तो विभाग उत्तम आहे, आणि तिथेच ऑपरेशन्स रिसर्चचंही शिक्षण आहे. पवईच्याच जुन्या नीटीचं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. तिथे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची परंपरा मोठी. कोलकात्याला यायचं ते आयएसआयसाठी, खरगपूरसाठी आणि शिकताना बघायला मिळणाऱ्या या अस्ताव्यस्त, शंभर वर्षांची यंत्रं आजच्या यंत्रांशेजारी चालवणाऱ्या शहरासाठी. राहण्या-खाण्याचा खर्च मुंबई-पुण्याच्या मानाने कमी पडतो, हेही खरं.

‘‘पण मुलीला एवढ्या लांब?’’ हा प्रश्न आया हळूच विचारतात. नागपूरच्या मुलीने संध्याकाळी गीतांजली पकडली की, गाडी वेळेवर असली तर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत खरगपूर. तिथे वसतिगृह आवारातच आहे. लांबीच्या भीतीने मुलीची जागा सोडू नका. मुलाच्या वेळी हे अंतर कुणी मोजत नाही.

नोकरीचं बोलू. शिक्षण कोलकात्यात, नोकरी पुण्यात नाहीतर बंगळुरूत, असं बहुतेकांचं होतं आणि त्यात वाईट काही नाही. आज मोटारीत यांत्रिक भागांइतकंच सॉफ्टवेअर महत्त्वाचं झालंय. ब्रेक, बॅटरी, स्टिअरिंग सगळं एकमेकांशी बोलतं. म्हणून चाकण, हिंजवडी, पिंपरीच्या वाहन आणि अभियांत्रिकी कंपन्यांत रिक्वायरमेंट लिहिणाऱ्या, फंक्शनल सेफ्टी बघणाऱ्या माणसांना काम आहे. ज्याला आयएसओ २६२६२ हे वाहनसुरक्षेचं मानक नीट समजलं, त्याचा अर्ज बाजूला काढून ठेवला जातो. बंगळुरूत विमानं आणि उपग्रह. कोलकात्याच्या आसपास म्हणाल तर टिटागढ या कंपनीचा कारखाना उत्तरपाड्यात आहे. पुणे मेट्रोचे ॲल्युमिनियमचे डबे तिथे बनलेत. वनाजहून रामवाडीला जाताना तुम्ही कदाचित हुगळीकाठच्या डब्यात बसलेले असता. गार्डन रीचच्या गोदीने स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘अजय’ १९६१ मध्ये दिली, आणि आज तिथे फ्रिगेट बांधली जातात. तोफ, रडार, इंजिन, वीज, पाणी सगळं एका पोलादी पोटात बसवायचं म्हणजे जोडणीचं काम आलंच. डीव्हीसीने गेटच्या गुणांवर अभियंते घेतले आहेत.

इलेक्ट्रिकलच्या मुलांनी टॉलीगंजचं पूर्व विभागाचं लोड डिस्पॅच सेंटरही लक्षात ठेवावं. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी एकदम कोसळली. दामोदर खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणींत लिफ्ट बंद पडून कामगार खाली अडकले. कोलकाता शहराचा मोठा भाग मात्र बराचसा वाचला, कारण सीईएससी या शहराच्या वीज कंपनीची स्वतःची वीजकेंद्रं आहेत. मुंबईची बेटासारखी वेगळी पडून तगणारी यंत्रणा १२ ऑक्टोबर २०२० ला नेमकी फसली, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. एक तगतं आणि दुसरं फसतं, याचा अभ्यास करणाऱ्यांची गरज सौर आणि पवन वीज वाढेल तशी वाढणारच आहे.

पहिली चार-पाच वर्षं रुक्ष जातात. एक्सेलचे तक्ते, नंबर घातलेली वाक्यं, दोन विभागांच्या मधे बसून घेतलेल्या बैठका. बरोबरचा मित्र कोडिंगमध्ये तुमच्या पुढे जाताना दिसेल, पगारातही. या कामाला भाव येतो तो अनुभव साठल्यावर, म्हणून घाई असलेल्याने इथे येऊ नये. प्लेसमेंटचे आकडे विचारायचेच तर संस्थेची सरासरी विचारू नका. एखाद्या मुलाला परदेशी कंपनीने घेतलं की सरासरी फुगते. त्याच विभागाचा, त्याच अभ्यासक्रमाचा मधला आकडा मागा, आणि किती जणांना विषयातलं काम मिळालं ते विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण कर्ज काढून झाल्यावर ती कळते. तिथे सिस्टिम्स इंजिनिअरच्या नोकऱ्या भरपूर आहेत, पण त्यांतला मोठा हिस्सा संरक्षण आणि अवकाश क्षेत्रात आहे, आणि निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे व सुरक्षा परवान्यांमुळे ती कामं बहुतेक परक्या नागरिकाला मिळत नाहीत. आपल्या मुलांना उरतं ते वाहन, वैद्यकीय उपकरणं, गोदामं, पुरवठा साखळी, दवाखान्यांचं व्यवस्थापन. तेही थोडं नाही. पण संरक्षण कंपन्यांच्या जाहिराती मोजून पन्नास लाखांचं कर्ज उचलू नका. इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्सचा एमएस घ्यायचा तर या उरलेल्या क्षेत्रांकडे बघून विषय निवडा.

ज्यांचं शिक्षण होऊन गेलंय आणि जे आज एखाद्या कारखान्यात, डेपोत किंवा सबस्टेशनवर काम करताहेत, त्यांनी पुन्हा दोन वर्षं वर्गात बसायलाच हवं असं नाही. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कंट्रोल, रिलायबिलिटी, ऑपरेशन्स रिसर्चचे वर्ग फुकट बघता येतात. परीक्षा द्यायची तरच फी. जानेवारी आणि जुलै अशी त्यांची सत्रं असतात. इनकोस या सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र अनुभवाशिवाय, नुसत्या परीक्षेवर मिळतं; त्याच्या वरच्याला निदान पाच वर्षांचा अनुभव लागतो. दोन्ही घेण्याआधी एक करा. तुमच्या कामाच्या जागी कुठल्या दोन विभागांत सतत वाद होतो ते ओळखा, आणि त्यांच्यात काय, केव्हा, कोणत्या मापात दिलं-घेतलं जायला हवं याचा एक पानाचा कागद तयार करून साहेबांपुढे ठेवा. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राबरोबर तो कागदही घेऊन जा.